उताऱ्याचा कोंबडा

एका राज्यात राजा आजारी पडत असे आणि कोंबडे मरत असत. तुम्हाआम्हाला हे विचित्र वाटेल, त्या राज्यात कोणाला वाटत नसे. राजाचं नाव मणिशेखर. त्याला दर महिन्याला एक नवा रोग जडे. कधी ताप, कधी खोकला, कधी अंगभर गळवं. मग अमावास्येच्या तिन्हीसांजेला राजमांत्रिक घोरनाथ एक तांबडा कोंबडा आणवी, त्याला हळदकुंकू लावी, राजावरून सात वेळा ओवाळी आणि मंत्र पुटपुटे. रोग राजाच्या अंगातून निघे आणि कोंबड्याच्या अंगात शिरे. याला उतारा म्हणत. उताऱ्याचा कोंबडा टोपलीत घालून गावाबाहेरच्या तिठ्यावर ठेवून येत. तीन दिवसांत तो मरे आणि त्याच्याबरोबर रोगही मरे. राजा बरा होई, मांत्रिकाला शालजोडी मिळे, आणि प्रजा आनंदात घरोघर दिवे लावी.

बारा वर्षं हे चाललं होतं. बारा वर्षांत एकाही शहाण्याने विचारलं नाही, की या धडधाकट माणसाला महिन्याच्या महिन्याला नवं दुखणं येतं तरी कुठून. उलट भाट गात, की राजा प्रजेची दुखणी अंगावर घेतो. घेतो कसला! कोंबड्याच्या अंगावर टाकतो. पण हे भाटांना सांगणार कोण?

उताऱ्याचे नियम कडक होते. त्याच्याकडे वळून बघायचं नाही. त्याला हात लावायचा नाही. त्याला नाव द्यायचं नाही. आणि त्याला शस्त्र तर मुळीच लावायचं नाही, कारण उताऱ्याचं रक्त सांडलं तर रोग उलटून जिथून आला तिथे जातो. हा शेवटचा नियम राजाच्या सोयीचा होता, म्हणून तो सगळ्यांत जास्त पाळला जाई.

उताऱ्याच्या टोपल्या विणत असे गोजरा बुरडीण. गावकुसाबाहेर तिची झोपडी होती. नवरा केव्हाच गेलेला, मूलबाळ नाही. हाताने चलाख आणि तोंडाने फटकळ अशी बाई. दर अमावास्येला ती वेळूच्या कांबींची एक टोपली राजवाड्यावर पोचवी. बुडाला रुंद, तोंडाला निमुळती, आतल्या जिवाला मान वर काढता येऊ नये अशी. टोपली कशासाठी हे तिला पक्कं ठाऊक होतं. तीही बाकीच्यांसारखी आडवाटेने घरी जाई आणि तिठ्याकडे पाठ करी. हे मी लपवणार नाही. गोष्ट तिची आहे म्हणून तिला धुतल्या तांदळासारखी करून दाखवायची माझी रीत नाही.

एका अमावास्येनंतर चौथ्या दिवशी ती वेळू आणायला निघाली. आडवाटेवर कोणी काटेरी कुंपण घातलं होतं, म्हणून तिला तिठ्यावरून जावं लागलं. तिथे तिचीच टोपली आडवी पडली होती आणि टोपलीशेजारी कोंबडा उभा होता. तिसऱ्या दिवशी मरायचा तो चौथ्या दिवशी उभा होता. उभा म्हणजे काय, एका पायावर कललेला, चोच उघडी, एक डोळा चिकटलेला. उघड्या डोळ्याने तो गोजराकडे बघत होता.

गोजराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आधी राजावर, मग मांत्रिकावर, मग त्या टोपलीवर आणि ती विणणाऱ्या दहा बोटांवर. तिने वाकून कोंबड्याला उचललं. हाताला नुसती पिसंच लागली, आत वजन असं काही नव्हतंच. पिसांवर मांत्रिकाने फासलेलं कुंकू तसंच होतं.

"चल, शेंदऱ्या," ती म्हणाली.

बघितलं, हात लावला आणि नावही दिलं. तीन नियम एका दमात मोडले. आणि काय झालं? वीज पडली नाही, धरणी दुभंगली नाही, रोग तिला चिकटला नाही. तिला साधी शिंकही आली नाही. तेव्हा तिचा राग दुप्पट झाला, कारण बारा वर्षं आपण कशाला घाबरलो होतो हे तिला कळलं.

घरी आणून तिने त्याला चुलीपाशी पेंढ्यावर ठेवलं. त्याचा तुरा जांभळा पडला होता. श्वास घेताना छातीत लोहाराच्या भात्यासारखी घरघर चाले. गळ्याखालची दाण्याची पिशवी दगडासारखी घट्ट झाली होती, खाल्लेलं खाली उतरतच नव्हतं. गोजराने कोमट पाण्याने डोळा पुसून सोडवला. पिशवीवर तेलाचं बोट फिरवून ती हळूहळू चोळली. फडक्याची वात करून चोचीच्या कडेने पाणी थेंबथेंब सोडलं. अडुळशाच्या पानांचा रस काढला, त्यात हळद आणि मध कालवून दिवसातून तीनदा दिला. जोंधळ्याच्या कण्यांची पातळ पेज केली. त्याची मागची बाजू घाणीने चिकटून गेली होती, ती धुतली, कोरडी केली आणि खाली गरम वाळूची पुरचुंडी ठेवली. ही कामं पोवाड्यात येत नाहीत. तलवारीचे हात मोजतात, घाण किती वेळा धुतली ते कोणी मोजत नाही. म्हणून मी मुद्दाम सांगतो आहे.

आठव्या दिवशी शेंदऱ्या दोन्ही पायांवर उभा राहिला. त्याने चार दाणे टिपले, पंख झटकले आणि अर्धी बांग दिली. गोजराने शेजारपाजारी गूळ वाटला. नवव्या दिवशी तो पुन्हा मान टाकून बसला. पुढे असंच चाललं. एक दिवस बरा, दोन दिवस वाईट, आणि बरा दिवस आधीच्या बऱ्या दिवसापेक्षा जरा कमीच बरा. रोज सकाळी ती त्याच्या छातीच्या हाडावरून अंगठा फिरवी. रोज ते हाड जास्त टोकदार लागे.

लोक काय म्हणाले ते ऐका. कोंबडाच तो, असं म्हणाले. दुसरा पाळ, असं म्हणाले. एवढी माया माणसाला लावली असतीस तर पुण्य तरी लागलं असतं, असं एक बाई म्हणाली, जिने आपल्या सासूला गोठ्यात झोपवलं होतं. वैद्याकडे गेली तर त्याने दाराला कडी घातली आणि आतून ओरडून सांगितलं, की वैद्य घरी नाहीत.

दहाव्या दिवशी स्वतः घोरनाथ आला. तो उंबऱ्याबाहेरच थांबला, नाकाला उपरणं लावून.

"ते प्रेत जिथून उचललंस तिथे ठेव," तो म्हणाला.

"हे प्रेत नाही."

"दहा दिवसांपूर्वी व्हायला हवं होतं. महाराजांच्या छातीत अजून घरघर आहे. तुझ्या हट्टापायी राजा पुरता बरा होत नाही."

"यालाही घरघर आहे," गोजरा म्हणाली. "आणि ती याची नाही."

मांत्रिकाने दातओठ खाल्ले. पण शस्त्र लावता येत नव्हतं, विष दिलं तरी तोच धोका होता, आणि कोंबडा आपणहून मरत नव्हता. तेव्हा मोठी माणसं करतात तेच त्याने केलं. गावात दवंडी पिटवली, की गोजरा बुरडिणीला कोणी तेल देऊ नये, मध देऊ नये, विस्तव देऊ नये. आणि गावाने मुकाट्याने ते ऐकलं. ज्यांनी परवा तिचा गूळ खाल्ला होता त्यांनीही ऐकलं. तिच्याकडे मातीच्या बुडकुलीत तळाशी राहिला तेवढाच मध उरला.

पंधराव्या दिवशी शेंदऱ्याने पेज ओकून टाकली आणि मान पाठीवर वळवून तो थरथरू लागला. गोजराचा धीर सुटला. आणि मग तिने तेच केलं जे त्या राज्यातल्या कोणीही केलं असतं. तिच्याकडे एक ठिपक्यांची तलंग होती, अजून पहिलं अंडंही न घातलेली कोवळी कोंबडी. गोजराने तिला धरलं, हळदकुंकू लावलं, शेंदऱ्यावरून सात वेळा ओवाळलं आणि तिठ्यावर नेऊन ठेवलं. मागे वळून बघितलं नाही. सकाळी गेली तर तलंग मरून पडली होती. घरी येऊन पाहिलं तर शेंदऱ्या तसाच थरथरत होता.

तिच्या हातून हे घडलं. राजा बारा वर्षं जे करत आला ते शिकायला तिला एक संध्याकाळ पुरली. ती तिठ्यावर गेली, बोटांनी माती उकरून तिने तलंगेला पुरलं, आणि स्वतःला अशा शिव्या घातल्या की करवंदीच्या जाळीत बसलेला भारद्वाज बाहेर आला. त्या राज्यात भारद्वाज बोलत असत, बोलण्याच्या लायकीचं कोणी भेटलं तर.

"लोकांना माझं दर्शन झालं की ते हात जोडतात आणि पुढे जातात," भारद्वाज म्हणाला. त्याचे डोळे लालभडक होते. "कोणी कधी काही विचारत नाही. तू विचारणार आहेस का?"

"माझा कोंबडा बरा का होत नाही?"

"कारण त्याचं दुखणं त्याचं नाही. जे आपलं नाही ते दुसऱ्यावर टाकता येत नाही. तलंग भीतीने मेली, उगाच मेली."

मग भारद्वाजाने तिला सगळं सांगितलं. पाणदेवीच्या डोंगरावर झऱ्यापाशी एका कोनाड्यात काशाची वाटी असे. ज्याला दुखणं असेल त्याने रांगेत उभं राहायचं, वाटीने झऱ्याचं एक घोट पाणी प्यायचं आणि बरं होऊन उतरायचं. बारा वर्षांपूर्वी मणिशेखराचा दात दुखला. रांगेत लोहार, कोष्टी, धनगर उभे होते आणि त्यांच्यामागे उभं राहणं राजाला जमेना. तो वाटी उचलून घेऊन गेला आणि त्याने ती राजवाड्याच्या कोठारात लपवली. घोरनाथाने दवंडी पिटवली, की प्रजेच्या पापामुळे देवी कोपली आणि तिने वाटी परत नेली.

ही दवंडी गोजराला आठवत होती. त्याच साली तापाने फणफणलेल्या नवऱ्याला पाठुंगळी घेऊन ती डोंगर चढली होती. कोनाडा रिकामा होता. उतरताना पाठीवरचं ओझं थंड पडत गेलं होतं. आणि बारा वर्षं ती स्वतःचं पाप शोधत बसली होती.

"वाटीला शाप आहे," भारद्वाज म्हणाला. "ती ज्याच्या घरात अडकेल त्याच्या घरी, तिने बरी केली असती ती सगळी दुखणी एकेक करून येतील. पण राजाने वाटी आपली म्हणून कबूल केलेली नाही. शापाला मालक सापडत नाही, म्हणून दुखणं कोणाच्याही अंगात ढकलता येतं. तुला तीन कामं करावी लागतील. वाटी कोठारातून उजेडात आण. राजाने ती चारचौघांत आपली म्हटली पाहिजे, म्हणजे दुखणं त्याचं त्याला चिकटेल. मग वाटी डोंगरावर ने. तिथे कोंबड्याचं स्वतःचं असं जे उरलं असेल ते वाटी बघून घेईल."

"ही दोनच झाली. की डोंगर धरून तीन?"

"डोंगर तर तुझ्या पायाखालचा आहे. तिसरं काम, अमावास्येपर्यंत याला जगव. त्याआधी राजवाड्याचं दार तुला उघडणार नाही."

अमावास्येला अकरा दिवस होते. ते अकरा दिवस मी थोडक्यात सांगतो, पण गोजराला ते थोडक्यात गेले नाहीत. विस्तव कोणी देत नव्हतं म्हणून तिने चूल एकदाही विझू दिली नाही. तेल संपलं तेव्हा तिने करंजाच्या बिया कुटल्या. मध संपला तेव्हा ती स्वतः पोळ्यापाशी गेली आणि सुजलेल्या तोंडाने परत आली. शेंदऱ्या पेज गिळेना तेव्हा तिने एकेक थेंब बोटाच्या टोकावरून दिला, आणि एक थेंब पोटात जायला कधी कधी भाकरी भाजून होई एवढा वेळ लागे. तो तिच्या मांडीवर बसे आणि ती त्याच्या डोक्यावरून टोपलीची कांब तासे. रागाने तिचे हात इतके भरभर चालत की कांबी हव्या त्यापेक्षा पातळ निघत. एकदा त्याने चोचीने तिच्या अंगठ्याला हलकेच धरलं आणि तसंच धरून ठेवलं. तेवढा वेळ तिने कांब खाली ठेवली.

अमावास्या आली. तिन्हीसांजेला गोजरा टोपली घेऊन राजवाड्यावर गेली. ही टोपली तोंडाला रुंद होती आणि त्यात मऊ पेंढ्यावर, वर फडकं घालून, शेंदऱ्या बसला होता. पहारेकऱ्यांनी फडकं उचलून पाहिलं नाही. उताऱ्याच्या टोपलीकडे बघायचं नाही, हा नियम या वेळी तिच्या कामी आला.

कोठाराच्या दारावर पहारेकरी नव्हता, कारण तिथे सिंहाच्या अंगाचा दगडी शरभ होता. हा शरभ माणसाचा वास घेई आणि भीतीचा वास आला की माणसाला गिळी. आजवर नऊ चोर आणि एक खजिनदार त्याने गिळले होते. त्याने दगडी मान वळवून गोजराचे पाय हुंगले, मग हात हुंगले.

"भीत नाहीस?" शरभाने विचारलं.

"वेळ नाही," गोजरा म्हणाली.

शरभाने पुन्हा वास घेतला. तिच्या अंगाला रागाशिवाय कसलाच वास येत नव्हता. त्याने पंजा बाजूला घेतला आणि दार उघडलं. आत सोनं होतं, माणकं होती, हस्तिदंती पेट्या होत्या. या सगळ्यांच्या मागे, एका फडताळात, डाग पडून हिरवट झालेली काशाची वाटी होती. गोजराने ती पदराने पुसली आणि शेंदऱ्याच्या पंखाखाली ठेवली.

दरबार भरला होता. मणिशेखर पाटावर बसला होता. जुनी घरघर होतीच, शिवाय या महिन्याचं नवं दुखणं म्हणून त्याची बोटं बधिर झाली होती. पाटासमोर नवा तांबडा कोंबडा पाय बांधून ठेवला होता आणि घोरनाथ हळद कालवत होता. दरबारी मंडळी नेहमीसारखी भिंतीकडे तोंड करून उभी होती, म्हणजे कोणाला काही दिसू नये आणि उद्या कोणाला काही विचारता येऊ नये.

गोजराने टोपली मधोमध ठेवली आणि फडकं काढलं.

"सगळ्यांनी इकडे बघा," ती म्हणाली.

एवढ्या वर्षांत त्या दरबारात इतकं साधं वाक्य कोणी बोललं नव्हतं. माना वळल्या. शेंदऱ्या पेंढ्यावर बसला होता, पिसं गळालेला, तुरा काळा पडलेला. राजाच्या छातीत घरघर झाली तेव्हाच त्याच्याही छातीत झाली, एकाच सुरात. ते सगळ्यांनी ऐकलं. मग गोजराने पंखाखालची वाटी काढून उंच धरली.

घोरनाथ शहाणा होता. त्याच्या तोंडचं पाणी पळालं आणि तो राजाला खुणा करू लागला, की काही बोलू नका. पण राजे लोक समोरची वस्तू दुसऱ्याच्या हातात बघतात तेव्हा त्यांना खुणा दिसत नाहीत.

"चोर!" मणिशेखर ओरडला. "माझ्या कोठारातली वाटी!"

"नीट बघून सांगा, महाराज. ही पाणदेवीची वाटी आहे. देवीने परत नेली होती ती."

"देवीची असेल तेव्हा असेल. बारा वर्षं माझ्याकडे आहे. ती माझी आहे. इकडे दे."

शापाला मालक सापडला. शेंदऱ्याच्या चोचीतून शेवाळासारखं काहीतरी निघालं, जमिनीवरून सरपटत गेलं आणि राजाच्या अंगावर चढलं. राजाचे ओठ जांभळे पडले, गळा सुजला, एक डोळा चिकटला. घोरनाथाने लगबगीने नवा कोंबडा उचलून सात वेळा ओवाळला. काही झालं नाही. आणखी सात वेळा ओवाळला. कोंबडा ओरडला, तेवढंच. दुखणं आता जिथलं तिथेच राहणार होतं.

दरबारात ज्याच्या घरात कोणी दुखण्याने गेलं होतं तो प्रत्येकजण मनातल्या मनात साल आठवत होता.

"मी फक्त सांगितलेलं काम केलं," घोरनाथ म्हणाला.

"मीपण," गोजरा म्हणाली. "त्याचीच लाज वाटते. तुलाही वाटू दे."

तिने नव्या कोंबड्याच्या पायाची दोरी सोडली आणि ती डोंगराकडे निघाली. तिच्यामागे दरबार निघाला, दरबारामागे गाव निघालं. उजाडताना सगळे वर पोचले तर तिथे आधीच रांग लागली होती. वाटी परत येत असल्याची बातमी भारद्वाजाने रानोरान पोचवली होती. बारा वर्षांची दुखणी घेऊन लोक आले होते. रांगेत एक बाई हातात काहीच न घेता उभी होती. तिची दोन्ही मुलं मागेच गेली होती. तिला फक्त वाटी बघायची होती.

गोजराने वाटी कोनाड्यात ठेवली आणि ती शेंदऱ्याला घेऊन रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. तिच्यामागे राजाची पालखी आली. भोयांनी ती खाली ठेवली आणि त्यांनी स्वतःचे सुजलेले खांदे घेऊन गोजराच्या मागे जागा धरली. मणिशेखर धापा टाकत बाहेर आला आणि त्यांच्यामागे उभा राहिला.

"बाई," तो म्हणाला, "मला पुढे जाऊ दे. तुझ्याजवळ नुसता कोंबडा आहे."

गोजराने मागे वळून त्याच्याकडे पाहिलं.

"रांग आहे, महाराज."

रांग पुढे सरकली. दुपार होता होता गोजराची पाळी आली. तिने झऱ्याचं पाणी घेतलं आणि वाटी शेंदऱ्याच्या चोचीपाशी धरली. तो प्यायला. घरघर थांबली, तुऱ्यात तांबूस रंग आला, दोन्ही डोळे उघडले. गोजराने लगेच त्याच्या छातीवरून अंगठा फिरवला. हाड तसंच टोकदार होतं. तिने भारद्वाजाकडे बघितलं.

"दुखणं गेलं," तो झाडावरून म्हणाला. "पण दुखण्याने जे खाल्लं ते वाटी परत देत नाही. थोडे दिवस आहेत. पण ते त्याचे आहेत."

गोजराने वाटी खाली ठेवली. तिला ती फेकून द्यावीशी वाटली. पण मागे माणसं उभी होती, राजाही उभा होता, म्हणून तिने ती नीट ठेवली आणि बाजूला झाली. राजाची पाळी आली तेव्हा तो प्यायला आणि बरा झाला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

शेंदऱ्या एकोणीस दिवस जगला. अंगणात धुळीत लोळला, किडे शोधले, कणीस टोचून खाल्लं. भलत्याच वेळी घोगरी बांग द्यायचा, भर दुपारी, संध्याकाळी, गोजरा जेवायला बसली की. रोज थोडा कमी चालायचा. रोज थोडा जास्त वेळ तिच्या मांडीवर बसायचा. त्याला कुठेही दुखत नव्हतं. विसाव्या दिवशी सकाळी ऊन पायरीपर्यंत आलं तेव्हा त्याने तिच्या हातावर मान टेकली आणि श्वास सोडला, आणि परत घेतला नाही. राजवाड्यातून निघालेला आणि स्वतःच्या मरणाने मेलेला तो पहिला कोंबडा.

गोजरा आधी राजाच्या नावाने कडाडली. मग रडली.

शेजारीण पिठलं-भाकरी घेऊन आली, मयताच्या घरी आणतात तशी, आणि मान खाली घालून ठेवून गेली. तीच ती, सासूला गोठ्यात झोपवणारी. वैद्य आला आणि उभा राहून गेला. दुपारी मणिशेखर चालत आला, अनवाणी, आणि घोरनाथ त्याच्या मागे. उतारा त्याने राज्यातून बंद केला होता, कोठाराला कुलूप नव्हतं, डोंगरावर रांग रोज नीट चालत होती. राज्य पुन्हा मार्गी लागलं होतं. राजाने हात जोडले आणि आपण काय करू शकतो ते विचारलं. आपल्या हातून फार मोठी चूक झाली असंही तो म्हणाला, आणि मला वाटतं ते त्याला खरंच वाटत होतं.

गोजराने आतून कुदळ आणली आणि त्याच्या हातात दिली.

मणिशेखराने तिठ्याच्या कडेला खड्डा खणला. त्याला खणता येत नव्हतं. कुदळ दगडावर आपटे आणि त्याचे हात झिणझिणत, तळव्यांना फोड आले, खड्डा वाकडा झाला. गोजराने तो सरळ करून घेतला. मग तिने शेंदऱ्याला पेंढ्यात गुंडाळून आत ठेवलं आणि हाताने माती ओढली. राजाने घाम पुसला आणि कुदळ परत द्यायला पुढे केली. तिने ती घेतली नाही.

"आता बाकीच्यांचे," ती म्हणाली.

"किती?"

"तुमच्यावरून ओवाळलेत. तुम्हाला ठाऊक असेल."

राजाला ठाऊक नव्हतं. त्याने घोरनाथाकडे पाहिलं. घोरनाथ जमिनीकडे बघत होता. त्यालाही ठाऊक नव्हतं, कारण कोणी मागे वळून बघितलंच नव्हतं.

"मग आठवेपर्यंत खणा," गोजरा म्हणाली आणि तिठ्यावरच्या दगडावर बसली.

राजाने कुदळ उचलली आणि शेंदऱ्याच्या शेजारी दुसरा खड्डा घेतला. मी तिथून निघालो तेव्हा तो खणत होता.